बंद पडलेला व्हॉल्व्हचा हॅम संच पुन्हा बोलता करताना: नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

वर्षानुवर्षं बंद पडून असलेला व्हॉल्व्हचा (काचेच्या इलेक्ट्रॉन नळ्यांचा) हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, संच हाती आला की बहुतेकांचा हात आधी वायरीकडे जातो. प्लग लावायचा, बटण दाबायचं आणि लागतोय का बघायचं. हा मोह आवरा. नुसतं पडून राहिल्याने संचाचं जेवढं बिघडतं, त्याहून जास्त नुकसान या पहिल्या पाच मिनिटांत होतं. आतले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले असतात, मेणकागदाचे कंडेन्सर गळके झालेले असतात आणि त्यांच्यातून जाणारा जादा प्रवाह थेट पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या मुळावर येतो. कंडेन्सर आजही नवा मिळतो. त्या संचाचा ट्रान्सफॉर्मर मात्र सहसा तशाच दुसऱ्या संचातून काढूनच मिळवावा लागतो.

सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर हाताळता येतो, पण व्हॉल्व्हच्या यंत्राला आजवर हात लावलेला नाही, अशांसाठी हे लिहितो आहे. पहिलं काम म्हणून साधा रिसीव्हर घ्या. ट्रान्समीटर आणि ट्रान्सीव्हर त्यानंतर. लिनिअर अँप्लिफायर (ट्रान्समीटरच्या सिग्नलची ताकद वाढवणारा) अगदी शेवटी, तोही अनुभवी हॅम शेजारी बसलेला असताना. ३-५००झेड व्हॉल्व्हच्या लिनिअरमध्ये २५०० ते ३००० व्होल्ट असतात आणि तिथे चुकीला दुसरी संधी मिळत नाही.

१. आधी जीव सांभाळा

रिसीव्हरमध्येसुद्धा २०० ते ३०० व्होल्ट डीसी असतो. ६१४६ व्हॉल्व्हच्या ट्रान्समीटरमध्ये प्लेटला (व्हॉल्व्हमधल्या धन इलेक्ट्रोडला) ६०० ते ७५० व्होल्ट मिळतात. प्लग काढला म्हणजे धोका संपला असं समजू नका, कारण फिल्टर कंडेन्सर भरलेलेच राहू शकतात. ते रिकामे व्हावेत म्हणून त्यांच्यावर ब्लीडर रेझिस्टर लावलेला असतो, पण जुन्या संचात तो तुटलेला असण्याची शक्यता बरीच. त्यामुळे ब्लीडरवर विसंबायचं नाही.

प्लग काढा, थोडा वेळ जाऊ द्या. मग १० किलोओहम, २५ वॉटचा वायरवाऊंड रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने आधी चेसिसला जोडा आणि त्याचं दुसरं टोक इन्सुलेटेड दांडीच्या प्रोबने कंडेन्सरच्या टोकाला काही सेकंद टेकवून ठेवा. नंतर मीटर लावून शून्य आल्याची खात्री करा. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करायची सवय लावून घेऊ नका. त्याने कंडेन्सरही दुखावतो आणि डोळ्यांत वितळलेला धातू उडू शकतो. हा रेझिस्टर रिसीव्हर आणि मध्यम ट्रान्समीटरसाठी ठीक आहे, लिनिअरसाठी नाही.

चालू संचात मोजायचं असेल तर मीटरचं काळं टोक क्लिपने चेसिसला अडकवा आणि एकाच हाताने मोजा. दुसरा हात खिशात. अंगठी, घड्याळ काढून ठेवा. घरात कोणी नसताना चालू संच उघडून बसू नका.

ट्रान्सफॉर्मर नसलेले संच हा वेगळा सापळा आहे. हॅलिक्राफ्टर्सचा एस-३८ हा १९४६ साली आलेला लोकप्रिय रिसीव्हर याच जातीचा: हीटर सगळे सिरीजमध्ये आणि विजेच्या लाइनशी थेट नातं. अशा संचात उघडा चेसिस, गळून पडलेल्या नॉबचा स्क्रू, अगदी हेडफोनचा सॉकेटही जिवंत असू शकतो. आयसोलेशन, म्हणजे संच लाइनपासून अलग ठेवणाऱ्या, ट्रान्सफॉर्मरशिवाय अशा संचावर काम करायचं नाही. व्हेरिअ‍ॅक (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) म्हणजे आयसोलेशन नव्हे, हा गैरसमज फार जणांचा असतो. साध्या व्हेरिअ‍ॅकमध्ये एकच वेटोळं असतं आणि लाइन तशीच पलीकडे जाते.

वीज सोडून आणखी काही गोष्टी. लष्करी संचांच्या अंधारात चमकणाऱ्या डायलवर रेडियमचा रंग असू शकतो, तो खरवडू नका. तेल भरलेले जुने मोठे कंडेन्सर पाझरत असतील तर त्या तेलात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल) हे विषारी रसायन असू शकतं, म्हणून हातमोजे घाला. ८६६ए हा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) पाऱ्याच्या वाफेवर चालतो, तो फुटू देऊ नका. जुन्या चेसिसवर बहुधा कॅडमियमचा मुलामा असतो, तेव्हा चेसिसवर पॉलिश पेपर घासून धूळ उडवायची नाही.

२. हाताशी काय हवं

कागदपत्रं:

- त्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. नुसतं वापराचं पुस्तक पुरत नाही.
- सर्किट डायग्राम, मोठ्या आकारात छापलेला, खुणा करता येईल असा.
- व्होल्टेज चार्ट आणि रेझिस्टन्स चार्ट. बहुतेक मॅन्युअलमध्ये व्हॉल्व्हच्या प्रत्येक पिनवर किती व्होल्ट, किती ओहम हवेत याचा तक्ता असतो. सगळ्या दुरुस्तीत याच्याइतकं उपयोगी पान दुसरं नाही.
- एक वही. काय बदललं, आधी किती व्होल्ट होते, नंतर किती झाले, सगळं तारखेसह.

एकाच मॉडेलचे बरेचदा दोन-तीन अवतार निघालेले असतात. मागच्या पट्टीवरचा सिरियल नंबर बघून त्याच्याशी जुळणारा सर्किट डायग्राम घ्या, नाहीतर नसलेला रेझिस्टर शोधण्यात संध्याकाळ जाते.

हत्यारं:

- मल्टिमीटर (१००० व्होल्ट डीसीपर्यंतचा) आणि त्याचे न तडकलेले प्रोब
- सिरीज बल्बचा बोर्ड (बल्ब संचाशी सिरीजमध्ये राहून जादा प्रवाह अडवतो), त्यासाठी फिलामेंटचे ४०, ६० आणि १०० वॉटचे बल्ब (एलईडी चालत नाही)
- व्हेरिअ‍ॅक, मिळाला तर
- ४० ते ६० वॉटचा सोल्डरिंग आयर्न, शिशाचं रोझिन-कोअर सोल्डर, डिसोल्डरिंग वेणी
- मऊ ब्रश, कापूस-काड्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कॉन्टॅक्ट क्लीनर (डीऑक्सिट किंवा तशाच जातीचा)
- आयएफटी (आयएफ म्हणजे मधल्या फ्रिक्वेन्सीचे, डब्यातले ट्रान्सफॉर्मर) फिरवायला प्लॅस्टिकची हत्यारं
- सिग्नल जनरेटर, आणि ट्रान्समीटर असेल तर ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा रेझिस्टर)

संच कोणत्या विजेसाठी बनला आहे ते मागच्या पट्टीवर वाचा. ११७ व्होल्टचा संच २३० व्होल्टला लावला की तिथेच खेळ संपला. काही संचांच्या ट्रान्सफॉर्मरला दोन्ही टॅप असतात, त्यांची जोडणी बघा. आणखी एक: फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो, तेव्हा स्टेप-डाऊन लावलात तरी पहिल्या काही तासांत त्याला हात लावून बघत जा. अर्थात प्लग काढून.

३. झाकण उघडल्यावर

पहिल्या दिवशी फक्त बघायचं आणि फोटो काढायचे. वरून, खालून, चारही बाजूंनी, आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या सॉकेटचा जवळून. डायलची दोरी कशी गुंडाळली आहे, किती वेढे, स्प्रिंग कुठे, याचा फोटो आणि हाताने काढलेली आकृती दोन्ही ठेवा. दोरी तुटली की त्या आकृतीची किंमत कळते.

मग शोधा: ट्रान्सफॉर्मरमधून डांबर ओघळलंय का, कुठे जळाल्याचा डाग आहे का, कंडेन्सर फुगलाय का, उंदराने वायर कुरतडली आहे का. उंदराचा वावर दिसला तर मास्क घाला आणि ती घाण कोरडी झाडू नका, ओली करून पुसा. आधीच्या मालकाने केलेल्या दुरुस्त्याही डोळ्यांखालून घाला. वेगळ्या रंगाची वायर, चकचकीत सोल्डर, मूळ सर्किटमध्ये नसलेला डायोड, हे सगळं वहीत टिपा. बंद पडलेल्या संचातला बिघाड कितीदा तरी शेवटच्या दुरुस्तीच्या आसपासच सापडतो.

व्हॉल्व्ह काढताना सरळ वर ओढा, हलकेच डोलवत. काच आणि बेकलाइटचा बूड यांची पकड सुटलेली असू शकते, म्हणून बुडाला धरा. कोणता कुठला होता ते लिहून ठेवा. काचेच्या आतला चंदेरी थर पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे. तो व्हॉल्व्ह गेला. तपकिरी कडा किंवा थोडा विरळ थर याने घाबरायचं कारण नाही.

४. सफाई

इथे हौस भोवते. नवख्या माणसाला चेसिस आरशासारखा चमकवायचा असतो आणि त्या नादात तो छापील अक्षरं, खुणा, लेबलं पुसून टाकतो. हलक्या हाताने, कोरड्यापासून सुरुवात करा. मऊ ब्रशने धूळ सोडवायची आणि शेजारी व्हॅक्यूमची नळी धरून ती ओढून घ्यायची. मग अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापूस-काडी. चेसिस नळाखाली धुणारे लोक आहेत, मी तुम्हाला ते सुचवणार नाही. कागदाची वेटोळी असलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि आयएफटीच्या डब्यात शिरलेलं पाणी सहजी बाहेर येत नाही.

जिथे हात आखडता घ्यायचा त्या जागा:

डायलची काच. आकडे बहुधा काचेच्या मागच्या बाजूला छापलेले असतात आणि ओल्या फडक्यासरशी निघून येतात. पुढची बाजू पुसा, मागची फक्त कोरड्या ब्रशने. काचेऐवजी प्लॅस्टिक असेल तर अल्कोहोल आणि अमोनियाचा ग्लास क्लीनर दोन्ही वर्ज्य, कारण त्याने बारीक तडे जातात.

व्हॉल्व्हवरचे नंबर. नुसत्या बोटानेही जातात. काच पुसायची तर नंबर सोडून पुसा.

गँग कंडेन्सर (ट्यूनिंगचा, फिरत्या पात्यांचा). पात्यांमध्ये धूळ असताना तो गरागरा फिरवू नका. आधी ब्रशने आणि हवेच्या फुग्याने धूळ काढा. पाती वाकवायची नाहीत. कारखान्यात कधीकधी बाहेरची पाती मुद्दाम जराशी वाकवून फ्रिक्वेन्सी जुळवलेली असते. शाफ्टला टेकणारी पितळी पत्ती मात्र नीट साफ करा आणि तिथे क्लीनरचा एक थेंब सोडा. ट्यूनिंग करताना खरखर येणं, फ्रिक्वेन्सी उडी मारणं याचं मूळ बरेचदा याच पत्तीत असतं. बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट झालेलं असतं. जोर न लावता जुनं ग्रीस विरघळवून काढा आणि नवं अगदी थोडं लावा.

बँड स्विच. यावर स्प्रे मारायचा नाही. त्याच्या वेफरचं फिनॉलिक द्रव शोषून घेतं आणि मग गळती सुरू होते. सुईच्या किंवा काडीच्या टोकाने प्रत्येक संपर्कावर थेंबभर क्लीनर, मग स्विच दहा-वीस वेळा फिरवायचा. डब्ल्यूडी-४०सारखं गंज सोडवणारं तेल स्विचवर मुळीच नको.

रिलेचे संपर्क. कोऱ्या कागदाची पट्टी क्लीनरने ओलसर करून संपर्कांमध्ये धरा, संपर्क बोटाने मिटवा आणि पट्टी ओढून काढा. काळी रेघ येईनाशी होईपर्यंत. पॉलिश पेपर लावलात तर वरचा चांदीचा थर निघून जाईल.

व्हॉल्व्हचे सॉकेट आणि पिना साफ करा, सैल पडलेली सॉकेटची पकड सुईने हळूच आवळा. नॉब कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने घासा, पण बेकलाइट भिजत ठेवू नका. कॅबिनेटला सौम्य साबण पुरतो.

५. कंडेन्सर

सगळ्या कामाचा गाभा हाच. जुन्या संचातले सगळे कंडेन्सर सरसकट काढायचे नसतात. कोणते काढायचे आणि कोणत्यांना हातही लावायचा नाही, हे कळलं की अर्धी लढाई जिंकली.

फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक: यांना रेझिस्टरमधून हळूहळू व्होल्टेज देऊन पुन्हा घडवता येतं. एक पाय सोडवून, १० किलोओहममधून डीसी द्या, टप्प्याटप्प्याने वाढवा आणि रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजा. तिथे १ व्होल्ट म्हणजे ०.१ मिलिअँपिअर गळती. काही तासांनी ती खाली आली नाही तर कंडेन्सर गेला. माझं स्पष्ट मत: रोज वापरायच्या संचात हा उद्योग करू नका, नवे बसवा. १०५ अंशांचे घ्या, व्होल्टेज मूळ इतकं किंवा जास्त. ८ मायक्रोफॅरडच्या जागी १०, १६च्या जागी २२ चालतो. मात्र ५यू४ किंवा ५वाय३सारखा व्हॉल्व्ह रेक्टिफायर असेल तर त्याच्या लगेच पुढचा कंडेन्सर फार मोठा घालू नका. तो भरतानाचा झटका रेक्टिफायरला सोसत नाही. जुना अ‍ॅल्युमिनियमचा डबा जागेवरच ठेवून त्याच्या जोडण्या सोडवा आणि नवे कंडेन्सर खाली टॅग स्ट्रिपवर लावा, म्हणजे वरून संच मूळ रूपात दिसतो.

मेणकागदाचे आणि काळ्या प्लॅस्टिकात भरलेले कागदी कंडेन्सर: सगळे बदला, तपासत बसू नका. स्प्रेगचे ‘ब्लॅक ब्यूटी’ दिसायला देखणे आणि गळतीसाठी कुप्रसिद्ध. त्यांच्या जागी ६३० व्होल्टचे फिल्म कंडेन्सर. ०.०५च्या जागी ०.०४७, ०.०२च्या जागी ०.०२२ मायक्रोफॅरड.

यातला सर्वांत महत्त्वाचा कोणता म्हणाल तर ऑडिओ आऊटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या आतल्या जाळीला) जाणारा कपलिंग कंडेन्सर. त्याच्या एका टोकाला आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटचे शंभरेक व्होल्ट असतात. तो गळू लागला की धन व्होल्टेज ग्रिडवर पोचतं, व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर प्रवाह ओढतो आणि आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. संच बोलत असतो, आवाजही बरा असतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. संच चालू झाल्यावर त्या ग्रिडवर मोजा: शून्य किंवा ऋण हवं. धन आलं तर वीज बंद करून कंडेन्सरचा पाय सोडवा आणि पुन्हा मोजा. तरीही धन असेल तर दोष व्हॉल्व्हचा.

लाइनपासून चेसिसला जोडलेले कंडेन्सर: इथे साधा कंडेन्सर लावायचा नाही, वाय वर्गाचाच (सुरक्षेसाठी प्रमाणित) हवा. दोन लाइनींच्या मधला असेल तर एक्स वर्गाचा. त्याच बैठकीत तीन पिनांची वायर घाला, अर्थ चेसिसला पक्का करा आणि फ्यूज लाइनच्या बाजूला घ्या. हे ट्रान्सफॉर्मर असलेल्या संचांसाठी. एस-३८च्या जातीच्या संचात चेसिसला अर्थ जोडण्याआधी त्या मॉडेलचा सर्किट डायग्राम नीट समजून घ्या.

मायका आणि सिरॅमिक: यांना सोडा. ते बहुतेक चांगले असतात, आणि ट्यून्ड सर्किटमधले बदललेत तर अलाइनमेंटचं (ही सर्किटं योग्य फ्रिक्वेन्सीला जुळवण्याचं) सगळं गणित मोडतं.

आता कामाची पद्धत. एक काढा, एक लावा, सर्किट डायग्रामवर खूण करा. दहा कंडेन्सर एकदम कापून मग जोडत बसणाऱ्याला हमखास एखादी चुकीची जागा सापडते. नव्याच्या वायरी मूळ वाटेनेच न्या, विशेषतः आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या) भागात, कारण लांब पाय म्हणजे नवी कॉइल.

६. रेझिस्टर, सेलेनियम वगैरे

जुने कार्बन रेझिस्टर वयानुसार वाढतात. संच बंद ठेवून जागेवरच मोजा. समांतर वाटांमुळे सर्किटमधला आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो, जास्त येत नाही. म्हणून छापील किमतीपेक्षा २० टक्क्यांहून जास्त दाखवला तर तो रेझिस्टर नक्की बदला.

सेलेनियम रेक्टिफायर दिसला तर काढा. तो जळाला की विषारी, उग्र वास सुटतो. त्याच्या जागी सिलिकॉन डायोड लावताना सिरीजमध्ये रेझिस्टर घाला, कारण सिलिकॉनवर व्होल्टेज कमी पडतं आणि पुढचं व्होल्टेज चढतं. रबराच्या वायरींचं आवरण तुकडे होऊन पडत असेल तर त्या बदला.

७. पहिल्यांदा वीज देताना

सिरीज बोर्ड लावा. रिसीव्हरला ४० किंवा ६० वॉटचा बल्ब, ट्रान्सीव्हरला १००चा.

आधी रेक्टिफायर आणि बाकीचे सगळे व्हॉल्व्ह बाहेर. बल्ब जेमतेम लालसर किंवा विझल्यासारखा हवा. प्रखर पेटला तर ट्रान्सफॉर्मर किंवा लाइनचा भाग शॉर्ट आहे. पुढे जाऊ नका. हीटरच्या पिनांवर ६.३ व्होल्टच्या आसपास मिळतंय का बघा, बल्बमुळे थोडं कमी-जास्त येईल. हीटर सिरीजमध्ये असलेल्या संचाला ही पायरी लागू नाही, तिथे एक व्हॉल्व्ह काढला की सगळी साखळीच तुटते.

मग रेक्टिफायर सोडून बाकीचे व्हॉल्व्ह घाला, सगळ्यांचे हीटर लाल होतात का बघा. शेवटी रेक्टिफायर. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. उजळलेलाच राहिला तर ताबडतोब बंद.

व्हेरिअ‍ॅकने हळूहळू व्होल्टेज वाढवायचं अनेकजण सांगतात. व्हॉल्व्ह रेक्टिफायर असेल तर त्याचा उपयोग मर्यादित आहे: त्याचं फिलामेंट पुरेसं तापेपर्यंत पुढे काही जातच नाही, आणि तापलं की व्होल्टेज एकदम येतं. सिलिकॉन डायोडच्या संचाला मात्र व्हेरिअ‍ॅक छान.

बल्ब मंद राहिला तर अर्धा तास नाक, कान, डोळे उघडे ठेवून बसा. मग सिरीज बल्ब काढून थेट लाइनवर घ्या, योग्य फ्यूजसह, आणि व्होल्टेज चार्ट घेऊन पिन-पिन मोजा. जुने चार्ट बरेचदा कमी इनपुट रेझिस्टन्सच्या मीटरने घेतलेले असतात, आजचा डिजिटल मीटर काही ठिकाणी जास्त दाखवेल. १०-२० टक्के फरक सोडून द्या. जिथे निम्मं किंवा दुप्पट येतं तिथेच बिघाड शोधा.

सगळे व्हॉल्व्ह एकदम नवे आणू नका. टेस्टरमध्ये ‘कमकुवत’ ठरलेला व्हॉल्व्ह संचात वर्षानुवर्षं चालतो आणि टेस्टरला पसंत पडलेला ऑसिलेटरच्या जागी रुसून बसतो. संचात बदलून बघणं हीच खरी परीक्षा.

८. अलाइनमेंट शेवटी

कंडेन्सर, रेझिस्टर, व्हॉल्व्ह नीट झाल्याशिवाय एकही स्क्रू फिरवू नका. बंद संच सुरू करायला म्हणून कोणी आयएफटी फिरवले, की ४५५ किलोहर्ट्झवरचा आयएफ कुठेतरी भलतीकडे जातो आणि सरळ दुरुस्ती कोडं होऊन बसते. कोर (कॉइलमधला फिरवता येणारा गाभा) अडकलेला असेल तर जोर करू नका, फेराइट ठिसूळ असतं आणि तुकडा आतच राहतो. डब्याला हेअर ड्रायरची हलकी ऊब द्या. संच निदान अर्धा तास तापू द्या, मग मॅन्युअलच्या क्रमाने: आधी आयएफ, मग ऑसिलेटर, मग आरएफ. बँडच्या खालच्या टोकाला कोर, वरच्या टोकाला ट्रिमर (जुळवणीचा छोटा कंडेन्सर), आणि दोन्ही जुळेपर्यंत आलटून-पालटून.

९. ट्रान्समीटर असेल तर

आधी रिसीव्हरचा भाग पूर्ण करा. हवेत सिग्नल सोडायला हॅम परवाना लागतो, पण परवाना असला तरी सुरुवातीचं सगळं काम डमी लोडवरच करायचं.

फायनल, म्हणजे शेवटच्या टप्प्याच्या, व्हॉल्व्हचा ऋण बायस (ग्रिडला दिलेलं ठरावीक ऋण व्होल्टेज) त्यांच्या ग्रिडवर पोचतोय याची खात्री झाल्याशिवाय प्लेटचं व्होल्टेज देऊ नका. बायस नाही म्हणजे काही सेकंदांत प्लेट लालभडक. इथेही तोच जुना शत्रू आहे: ड्रायव्हरच्या (बहुधा १२बीवाय७ए) प्लेटपासून फायनलच्या ग्रिडपर्यंत जाणारा कंडेन्सर. यासू एफटी-१०१सारख्या संचात तो विचार न करता बदला, योग्य व्होल्टेजचा सिरॅमिक किंवा मायका घालून. मग मॅन्युअलप्रमाणे विश्रांतीचा (सिग्नल नसतानाचा) प्रवाह लावा. एफटी-१०१ला तो ६० मिलिअँपिअर आहे.

फायनल बदलले असतील तर न्यूट्रलायझेशन (प्लेटकडून ग्रिडकडे परत येणारा सिग्नल रद्द करणं) करावंच लागतं. त्यानंतर ट्यूनिंग: कमी ड्राइव्हवर सुरुवात, प्लेट कंडेन्सरने प्रवाहाचा तळ शोधायचा, मग लोड वाढवायचा, पुन्हा तळ. एका वेळी दहा सेकंदांच्या वर की दाबून ठेवू नका, मध्ये व्हॉल्व्हना गार होऊ द्या.

संच नीट चालू लागल्यावर कॅबिनेटची हवेची छिद्रं मोकळी राहतील असा ठेवा, वर पुस्तकं रचू नका. दर एक-दोन महिन्यांनी तासभर चालू करा, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक घडलेले राहतात आणि स्विचचे संपर्कही फिरतात. बदललेल्या भागांची यादी आणि शेवटचे मोजलेले व्होल्टेज एका कागदावर लिहून पाकिटात घाला आणि ते पाकीट कॅबिनेटच्या आत, व्हॉल्व्हच्या उष्णतेपासून लांब चिकटवा.